ताराबाईंच्या गावात स्वागत

बुलढाणा या जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. मलकापूरला उतरून राजूर घाट चढावा लागतो. त्यात पाहुण्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांची दमछाक झाली, याची स्वागत समितीला जाणीव आहे.

सिंदखेडराजा जिजाऊंचे माहेर, लोणारचे सरोवर उल्केच्या आघातातून झालेले, शेगाव गजानन महाराजांचे. हे सर्वांना ठाऊक असते. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या, हे मात्र बुलढाणेकरांनाही सांगावे लागते!

वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून. लेकीला त्यांनी घरीच शिकवले. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला बोल लावले. ताराबाईंनी उत्तर दिले ते 1882 मध्ये, ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून. बायकांवरचा एकेक आरोप घ्यायचा आणि तोच पुरुषांना लावून पाहायचा, अशी त्यांची रीत. टीकेची झोड उठली. जोतीराव फुले ‘सत्सार’मधून पाठीशी उभे राहिले, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा वाचकांपुढे आणले.

ताराबाई अशा दूरच्या गावातून वादात उतरल्या. तशी सोय आज ऑनलाइन वर्गाने करावी, असे समितीला कळकळीने वाटते. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षण मंचाची मांडणी चार भागांची आहे: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंका-चर्चा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2021 च्या नियमांनी 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेण्याची मुभा दिली. पहिले तीन भाग एकदा तयार केले की वर्षानुवर्षे चालतात. चौथ्याला रोज माणूस लागतो. संग्रामपूरकडच्या मुलीने रात्री शंका लिहिली आणि आठवडाभर कुणी फिरकलेच नाही, तर ती पुन्हा कशाला विचारेल? यावर आपण मोकळेपणी बोलावे.

निवासाच्या खोल्या कमी पडल्या, काहींना गाद्यांवर झोपावे लागेल. समिती क्षमा मागते. सभागृहात रेंज जाते, म्हणून गावातल्या केबलवाल्यांनी विनामूल्य जोडणी दिली. जिनिंगमालकांनी मंडपाचा खर्च उचलला, शेतकऱ्यांनी तूरडाळ पाठवली, बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून वरण-बट्टीच्या तयारीत आहेत. शाळेने बाके दिली, रिक्षावाल्यांनी स्टँडपासून भाडे घेतले नाही. समिती या सर्वांची ऋणी आहे.

लोणारला जाणाऱ्यांनी चहाच्या सुटीत नोंदणीच्या टेबलावर नावे द्यावीत. गाडी उद्या पहाटे साडेपाचला निघेल.