फारोचा हजेरीपट



आम्ही शाळा पाहिली ती चौथीपर्यंत. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. म्हणून शिक्षकांना ही सूचना भीतभीतच करतो. प्राचीन मिसर शिकवताना राजांची नामावळी घोकून घेण्याऐवजी मुलांकडून हजेरीपट भरून घ्यावा.

थीब्जजवळच्या दैर-अल्-मदीना गावी राजांची थडगी खोदणारे कामगार राहत. दुसऱ्या रामेसिसच्या ४० व्या वर्षाचा त्यांचा हजेरीपट चुनखडीच्या तुकड्यावर लिहिलेला आहे. तो लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. त्यात ४० नावे आहेत आणि खाड्यांची कारणेही : कोणी आजारी, कोणाला विंचू चावला, कोणी घरी बीअर गाळीत होता.

मुलांना खापऱ्या व कोळसा द्यावा. एकाला लेखनिक करावे, बाकीच्यांना पाथरवट, चितारी. नाणे तेव्हा नव्हते. मजुरी धान्यात मिळे. कामगाराला दरमहा ४ पोती खपली गहू व दीड पोते जव. चिंचोके मोजून ही मजुरी वाटावी. मग एक महिना गुरुजींनी कोठार बंद ठेवावे आणि विचारावे, "आता काय कराल?" उत्तर मात्र सुचवू नये.

मुलांचे बोलून झाल्यावर सांगावे : तिसऱ्या रामेसिसच्या २९ व्या वर्षी, इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, धान्य थकले तेव्हा हे कामगार काम टाकून देवळामागे जाऊन बसले. अखेर धान्य मिळाले. ही हकीकत लिहिलेला पपायरस तुरीनला आहे. लेखी पुरावा असलेला हा सर्वांत जुना संप.

ज्याच्या बापाचा पगार थकला आहे, असे पोर प्रत्येक वर्गात असते. इतिहासात आपलीही माणसे आहेत, हे त्याला तेथेच कळावे, एवढेच आमचे मागणे आहे.