घर आमचं, नकाशा कोणाचा?

(तालुका मेळाव्यातलं भाषण. बोललं तसंच लिहून काढलं आहे.)



मला आज घरकुलावर बोलायला सांगितलंय. मी बारावी शिकलेली, इंजिनीअर नाही. पण घरात राहते, म्हणून बोलते.

आमच्या पाड्यावर घरकुलं झाली. नकाशा ऑफिसातून आला. दहा बाय वीसची एक खोली, वर सिमेंटचे पत्रे, एक दार, एक खिडकी. सगळी रस्त्याकडेला, एका ओळीत. साहेब फोटो काढून गेले. आता जाऊन बघा. कोणाच्या घरकुलात शेळ्या, कोणाच्यात पेंढा. माणसं शेजारी कुडाचा झाप बांधून राहतात. साहेब म्हणतात, आदिवासींना पक्क्या घराची सवय नाही.

सवय नाही असं कसं? घर कशाला लागतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. कारवीच्या कुडातून वारा येतो, धूर निघून जातो. चुलीच्या धुराखाली बियाणं टांगतो, त्याला कीड लागत नाही. ओटीवर पाहुणा बसतो, पंच बसतात. लग्नात आतल्या भिंतीला गेरू लावून चौक लिहितात, त्याच्यापुढे सगळं गोत बसतं. घरकुलात चौक लिहाल, पण बसाल कुठे? आमच्या घरचा कणगा तर त्या दारातून आतच गेला नाही. वैशाखात पत्रा असा तापतो की पोर झोपत नाही.

आता दुसरी बाजू. शहरातून एक शिकलेले आर्किटेक्ट आले होते. आमचं कुडाचं घर बघून खूश झाले. म्हणाले, किती सुंदर, असंच राहू द्या, सिमेंट आणू नका. माझी आय ओटीवर भात पाखडत होती. ती म्हणाली, "भाऊ, दरवर्षी छप्पर कोण शाकारील? कारवी आणायला गेलं तर गार्ड कोयता काढून घेतो. मला पक्कं छप्पर पायजे. पण चूल नि ओटी माझ्या मनासारखी."

आर्किटेक्ट गप्प झाले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी घर डोळ्यांनी बघितलं, आय त्यात राबते.

शिबिरात ऐकलेली एक गोष्ट सांगते. इजिप्त देशात हसन फाती नावाचे मोठे आर्किटेक्ट होते. गरिबांच्या बाजूचे. जुन्या काळच्या थडग्यांवर गुर्ना नावाचं गाव वसलं होतं. सरकारला ते तिथून उठवायचं होतं. १९४५ पासून फातींनी त्या लोकांसाठी नवं गाव बांधायला घेतलं. मातीच्या विटा, वर घुमट. जगभर नाव झालं. पण बहुतेक लोक तिकडे गेलेच नाहीत. एक तर त्यांचं पोट जुन्या जागेवर होतं. दुसरं, त्यांच्याकडे घुमट कबरीवर असतो. जित्या माणसाने कबरीखाली का झोपायचं? म्हणजे माती की सिमेंट हा नंतरचा प्रश्न. आधी जागा कोण ठरवतो आणि घर कोण ठरवतो, ते बघा.

आणि साथींनो, यात जमिनीचीही गोष्ट आहे. आपली घरं लांब लांब का? कारण प्रत्येकाचं घर त्याच्या प्लॉटच्या बांधाला आहे. रात्री डुकरं हाकलायला माणूस लागतो. घर उचलून रस्त्याच्या ओळीत नेलं, की उद्या फॉरेस्टवाले म्हणतील, इथे कोणी राहतच नाही. साहेबाला कागदावर ओळ छान दिसते. आपला त्या ओळीपायी कब्जा जाईल.

आता नियम ऐका, पोरांनी वहीत लिहून घ्या. २०१६ पर्यंत चाललेल्या इंदिरा आवास योजनेत ठरावीक नकाशा सक्तीचा नव्हता. जोतं २० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २१५ चौरस फुटांपेक्षा कमी नको, एवढीच अट होती. ठेकेदार लावायचा नव्हता, घर आपलं आपण बांधायचं होतं. घर बाईच्या नावावर, नाहीतर नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हायचं होतं. आणि अनुसूचित क्षेत्रासाठी १९९६ साली जो कायदा झाला, त्यात योजनेची माणसं निवडायचं काम ग्रामसभेचं आहे.

मग आमच्या पाड्यावर ठेकेदार आला कुठून? कारण आपण विचारलं नाही. कोऱ्या फॉर्मवर अंगठे दिले.

पुढच्या ग्रामसभेला एवढं करा. फॉर्मवर अंगठा देण्याआधी अंगणात काठीने आपलं घर काढा. चूल कुठे, कणगा कुठे, गुरं कुठे, ते बायांनी सांगायचं. छप्पर कौलांचं की पत्र्याचं, ज्याचं त्याने ठरवायचं. घर प्लॉटवरच मागायचं. कुडाला कारवी, बांबू लागला तर जंगलातून आणायचा आपला हक्क सोडायचा नाही. हे सगळं ठरावात लिहून घ्या, आणि ठराव वाचून दाखवल्याशिवाय उठू नका.

माझ्या आयने काठीने काढलेलं घर अजून अंगणात आहे. पाऊस पडायच्या आत ते कागदावर आणायचं आहे.

जिंदाबाद!