प्रोग्राम एक, जागा तीन

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीससाहेबांनी आज्ञा केली. मी बी. ए., बी. एड. झालेला इतिहासाचा शिक्षक आहे, संगणकाचा तज्ज्ञ नाही. परंतु या क्षेत्रातील एक महत्त्वाचा धडा मला एका चुकीने शिकवला. त्या चुकीत माझाही वाटा होता, म्हणून तोच धडा आपल्यापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सहामाही परीक्षेचा निकाल पालकांना मोबाईलवर कळवावा असे ठरले. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सुटीच्या दिवसांत, एक पैसाही न घेता, शाळेसाठी वेब ॲप्लिकेशन तयार करून दिले. शिक्षकांनी गुण भरायचे, ॲपने निकाल लावायचा आणि घरोघर एसएमएस पाठवायचा, अशी योजना होती. चाचणीसाठी त्याने सर्व विषयांत शून्य गुण भरले. नववीच्या पालकांच्या नंबरांची खरी यादी मीच त्याला दिली होती. एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची किल्ली, म्हणजे एक प्रकारचा पासवर्ड, त्याने प्रोग्राममध्येच लिहून ठेवली होती. रात्री ९ च्या सुमारास त्याने चाचणी म्हणून बटण दाबले, आणि "आपला पाल्य सर्व विषयांत अनुत्तीर्ण आहे" हा निरोप नववीच्या प्रत्येक घरी पोहोचला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वीच एक माता फाटकाशी उभी होती. "सर, पोराच्या अब्बांनी रात्री त्याला मारलं. तो न जेवताच मामाकडे निघून गेला. एकाही विषयात पास नाही, असं कसं झालं हो?" मी म्हणालो, "आपा, तो पास आहे. चूक आमची आहे." त्या मुलाला गणितात ६५ गुण होते. पुढचे दोन दिवस मी घरोघर फिरून माफी मागितली. लोकांनी मोठ्या मनाने ती दिलीही. पण त्या मुलाने खाल्लेला मार काही परत घेता आला नाही.

माजी विद्यार्थी खजील होऊन म्हणाला, "सर, कंपनीत मी असं कधीच केलं नसतं. शाळेचं छोटं काम म्हणून नियम पाळला नाही." तो नियम कोणता, हे मी त्याच्याकडूनच समजून घेतले.

बी. एड. ला असताना आम्ही सूक्ष्म अध्यापनाचे पाठ प्रथम आपल्याच सोबत्यांपुढे घेत असू. सोबतीच विद्यार्थी होऊन बसत. चुकले तर हशा होई, कोणाचे नुकसान होत नसे. मग शाळेतील वर्गावर सराव पाठ होत, तेव्हा प्राध्यापक मागच्या बाकावर वही घेऊन बसत. नोकरी लागल्यावर आपला स्वतःचा वर्ग आला. वेब ॲप्लिकेशनच्याही अशाच तीन जागा असतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा स्वतःचा संगणक ही पहिली जागा, तिला डेव्हलपमेंट म्हणतात. दुसऱ्यांनी तपासून पाहण्याची जागा ती टेस्ट. आणि लोक प्रत्यक्ष वापर करतात ती जागा म्हणजे प्रॉडक्शन.

आता पाठाचे टाचण आठवा. त्याच्या माथ्यावर एक चौकट असते. तिच्यात दिनांक, इयत्ता, तुकडी, तास आणि पटसंख्या भरायची असते. खालचा पाठ तोच राहतो, वर्ग बदलला की फक्त चौकट बदलते. ॲपच्या बाबतीत या चौकटीला कॉन्फिगरेशन, किंवा साध्या बोलीत सेटिंग म्हणतात. माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस, कोणत्या पत्त्यावर आहे, त्याचा पासवर्ड काय, एसएमएस किंवा पैसे घेणाऱ्या सेवेची किल्ली कोणती, चूक झाल्यास तिचा सगळा तपशील पडद्यावर दाखवायचा की नाही, या गोष्टी तिन्ही जागी वेगवेगळ्या असतात. आमच्या मुलाने चौकटीतील मजकूर पाठातच लिहून टाकला होता. त्यामुळे आपण चाचणीच्या जागी आहोत की खऱ्या, हे त्या प्रोग्रामला कळण्याचा मार्गच नव्हता.

म्हणून पहिला नियम असा की, सेटिंग प्रोग्रामच्या बाहेर ठेवावे. ते वेगळ्या फाईलमध्ये किंवा ज्या संगणकावर ॲप चालते त्याच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये लिहावे आणि ॲपने सुरू होताना तेथून वाचून घ्यावे. हेरोकू या कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी २०११ मध्ये 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' या नावाने जी बारा सूत्रे मांडली, त्यांतील तिसरे सूत्र हेच आहे. त्यांनी एक सोपी कसोटीही दिली आहे. आपला सगळा प्रोग्राम या क्षणी जगासमोर उघडा ठेवला, तर एखादी गुप्त किल्ली बाहेर पडेल का? पडणार असेल, तर सेटिंग अद्याप वेगळे झालेले नाही असे समजावे.

दुसरा नियम गुप्त किल्ल्यांचा आहे. प्रोग्रामचा प्रत्येक जुना-नवा मसुदा जपून ठेवण्यासाठी गिट नावाचे साधन वापरतात. त्यात किल्ली एकदा गेली की, पुढच्या मसुद्यातून ती खोडली तरी मागच्या मसुद्यात राहतेच. अशा वेळी ती किल्ली रद्द करून नवी घ्यावी, दुसरा उपाय नाही. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या प्रोग्रामच्या खाजगी साठ्यात परके लोक शिरले. तेथे त्यांना माहितीच्या कोठाराची किल्ली सरळ लिहिलेली सापडली आणि जगभरातील ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. साठा खाजगी होता, कुलूप होते. पण किल्ली नको त्या जागी होती.

तिसरा नियम चाचणीच्या सामग्रीचा. चाचणीत खऱ्या माणसांचे नंबर वापरू नयेत, बनावट नावे व स्वतःचे नंबर घालावेत. पैशांचे व्यवहार करणाऱ्या रेझरपेसारख्या कंपन्या चाचणीची किल्ली व खरी किल्ली अशा दोन निरनिराळ्या देतात. चाचणीच्या किल्लीने कोणाच्या खात्यातून रुपयाही हलत नाही. ही सोय असते ती वापरण्यासाठीच.

चौथा नियम असा की, एखादे सेटिंग सापडले नाही तर ॲपने सुरूच होऊ नये व काय नाही ते स्पष्ट सांगावे. अंदाजाने जुनेच सेटिंग घेऊन पुढे जाणारे ॲप हजेरीपट न पाहता हजेरी मांडणाऱ्या शिक्षकासारखे असते.

पाचवा नियम असा की, जो प्रोग्राम तपासला तोच, एका अक्षराचाही बदल न करता, खऱ्या जागी सर्व संगणकांवर गेला पाहिजे. अमेरिकेतील नाइट कॅपिटल ही शेअर बाजारात व्यवहार करणारी मोठी कंपनी. तिच्या ८ सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायचा होता. तो ७ वर चढवला गेला आणि १ राहून गेला. नव्या कामासाठी जे सेटिंग चालू केले, तेच पूर्वी एका जुन्या, वापरातून गेलेल्या कामासाठी वापरले जात असे. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला तेव्हा सात सर्व्हर नवे काम करू लागले आणि आठव्याने तेच सेटिंग वाचून जुने काम सुरू केले. सुमारे ४५ मिनिटांत नको असलेल्या शेअरांचे लाखो सौदे झाले. कंपनीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले आणि पुढे ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तेथे पाच-पंचवीस शहाणी माणसे होती. आठही सर्व्हर तपासून पाहणारा मात्र कोणी नव्हता.

आमच्या शाळेत आता काय करतो तेही सांगतो. माजी विद्यार्थ्याने सर्व सेटिंग बाहेर काढले आणि जुनी किल्ली रद्द केली. चाचणीच्या ॲपला माथ्यावर ठळक पिवळी पट्टी आहे आणि त्यावरून निघणारा प्रत्येक एसएमएस फक्त माझ्याच मोबाईलवर येतो. कोणत्या जागी कोणते सेटिंग लागते, याची नावानिशी यादी आहे. तिच्यात किल्ल्या नाहीत, त्यांच्या जागा कोऱ्या आहेत. पालकांच्या नंबरांची यादी मी आता कोणालाही देत नाही. ती माझ्याकडे दिलेली अमानत आहे, हे मला आधीच कळायला हवे होते.

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाची भाषा वर्षा-दोन वर्षांत येते. पण कंपनीच्या कामात जे नियम पाळता तेच शाळेच्या, मोहल्ल्याच्या, फुकट केलेल्या कामातही पाळा. छोट्या ॲपच्या दुसऱ्या टोकालाही माणूसच असतो.

आणि पालकांना एक हात जोडून विनंती. मोबाईलवर निकालाचा निरोप आला, तर मुलावर हात उगारण्याआधी शाळेत या. यंत्राची चूक आम्ही दुरुस्त करू, पण तोवर मुलाला जेवू द्या.