उरलेल्या धातूचा हिशेब



आपल्या मालवण तालुक्यातली कितीतरी मुलं आयटीआय किंवा तंत्रनिकेतन करून पुणे, कोल्हापूर, बेळगावच्या कारखान्यांत सीएनसी मशीनवर उभी आहेत. त्यातली बरीचशी बटण दाबणारी म्हणजे ऑपरेटर राहतात, थोडी प्रोग्रामर होतात. हा फरक कशानं पडतो, याचं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं एक कारण आज मांडतो.

धातूचा भाग, म्हणजे जॉब, एका पकडीत क्वचितच पुरा होतो. एक बाजू कापायची, जॉब पलटी मारायचा, दुसरी बाजू कापायची. अशा प्रत्येक पकडीला सेटअप म्हणतात. कटरनं कुठून कसं जायचं, हा मार्ग कॅम सॉफ्टवेअर आखून देतं. पण तो आखण्यापूर्वी त्याला एक गोष्ट सांगावी लागते: आत्ता मशीनवर धातू नेमका किती आणि कुठे आहे. त्याला स्टॉक म्हणतात, आणि त्याचा हिशेब ठेवता येणं हेच ते कारण.

उदाहरण घेऊ. ॲल्युमिनियमचा 100×60×40 मिलिमीटरचा ठोकळा आहे. त्यातून 90×50×30 चा भाग काढायचा आहे. पहिल्या सेटअपमध्ये तळाचे 6 मिलिमीटर व्हाइसमध्ये धरले, वरून 1 मिलिमीटर फेस मारला (म्हणजे वरचा पृष्ठभाग सपाट कापला) आणि बाहेरची कड 30 मिलिमीटर खोल उतरवली. खाली 9 मिलिमीटर जाडीचा, मूळ लांबी-रुंदीचा तळ उरला. आता जॉब पलटी मारून, तयार झालेल्या कडा सॉफ्ट जॉजमध्ये, म्हणजे व्हाइसच्या मऊ जबड्यांत, धरून तो तळ काढायचा.

इथे दोन चुका होतात. दुसऱ्या सेटअपलाही आखा ठोकळाच स्टॉक म्हणून दिला, तर सगळ्या कडांवर अजून 5 मिलिमीटर धातू आहे असं समजून सॉफ्टवेअर कटर खालपर्यंत फिरवतं. पण उरलेल्या तळाच्या खाली तिथे धातू नसतो. आधी नुसती हवा कापली जाते आणि खाली सॉफ्ट जॉज असतात. उलट, तयार भागाचीच लांबी-रुंदी दिली, तर बाहेर काही नाही या समजुतीनं कटर जलद गतीनं खाली येतो आणि उरलेल्या तळावर आदळतो. कटर तुटतो, कधी स्पिंडलही दुखावतो.

ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठल्यावर आपला तांडेल मेमधली वाट धरून होडी खाडीबाहेर काढत नाही. पावसाळ्यात वाळू सरकलेली असते, म्हणून तो आजचं पाणी बघतो. प्रोग्रामरनंही तसंच आजचा धातू बघायला हवा.

पूर्वी हे काम मिस्त्रीचे डोळे करत. जॉब समोर असे आणि हात त्याप्रमाणे चाक फिरवत. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून जॉन पार्सन्स यांना सुचलेल्या कल्पनेवर अमेरिकेतल्या एमआयटीनं 1952 साली आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. तेव्हापासून मशीन आज्ञेवर चालू लागलं. पण आज्ञेला दिसत नाही. मिस्त्रीला दिसायचं ते आता आपणच सांगायला हवं.

त्याची सोय कॅम सॉफ्टवेअरमध्ये आहे. फ्यूजनमध्ये आधीच्या सेटअपमधून उरलेलाच स्टॉक पुढे घेता येतो. मास्टरकॅममध्ये स्टॉक मॉडेल बनवता येतं. एनएक्समध्येही अर्धवट कापलेला जॉब पुढच्या कामाला जोडतात. एकाच सेटअपमध्येही याचा उपयोग आहे. 70×30 चं पॉकेट 16 मिलिमीटरच्या कटरनं काढलं की कोपऱ्यांत 8 ची त्रिज्या राहते. ड्रॉइंगमध्ये 4 हवी असेल, तर 6 मिलिमीटरचा कटर लागतो. पण 2100 चौरस मिलिमीटरच्या त्या पॉकेटमध्ये काढायचं उरतं ते चार कोपऱ्यांत मिळून जेमतेम 41. उरलेला धातू ठाऊक असला, तर छोटा कटर तेवढ्यातच फिरतो. नसला, तर सगळं पॉकेट पुन्हा घासत बसतो.

तरीही तीन गोष्टी माणसानंच सांभाळायच्या. पहिली, साखळी. पहिल्या सेटअपमध्ये काहीही बदललं की पुढचे सगळे मार्ग पुन्हा काढायचे, नाहीतर जुना उरलेला आकार तसाच चालत राहतो. दुसरी, बारकाई. संगणकातला स्टॉक छोट्या पृष्ठांचा बनलेला अंदाज असतो. तो ओबडधोबड ठेवला तर नसलेल्या कपच्यांमागे कटर धावतो, म्हणून अगदी किरकोळ उरलेलं सोडून द्यायला सांगायचं. तिसरी, खरा जॉब. पलटी मारल्यावर बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कूस, साफ करायची, डायल लावायचा, झीरो तपासायचा. पडद्यावर जॉब बरोबर बसतो, व्हाइसमध्ये तो आपल्यालाच बसवायचा असतो.

कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्रीतलं कास्टिंग येतं तेव्हा हे आणखी महत्त्वाचं ठरतं. कास्टिंग काही चौकोनी ठोकळा नसतो. कापण्यासाठी ठेवलेला जादा धातू कुठे असतो, कुठे नसतो, आणि आतली पोकळी घडवणारा कोअर सरकला तर एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी. म्हणून पहिल्याच सेटअपला कास्टिंगचा आकार स्टॉक म्हणून द्यावा आणि तो शेवटपर्यंत नेत जावा.

आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांना निदान एक जॉब असा द्या, जो दोन पकडींशिवाय होतच नाही. पालकांनीही सुट्टीत आलेल्या मुलाला पगार विचारताना हेही विचारावं: "दुसऱ्या सेटअपचा प्रोग्राम तू करतोस का?" आणि मुलांनो, उत्तर 'नाही' असेल तर या खेपेला कामावर परतल्यावर ते काम मागून घ्या.