ग्रामसभेचं रजिस्टर कुणाच्या घरी?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज गावच्या कारभाराबद्दल बोलू. आम्ही पालघर, बोईसर-तारापूरकडे जाऊन आलो. तिकडं कापूस नाही. भात आहे, चिकूच्या वाड्या आहेत, किनाऱ्याला मासेमारी आहे. पण तिथून आणलेला धडा आपल्या ज्वारी-कापसाच्या गावाला लागू आहे.

1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके आणि पालघर, वाड्याकडची बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं 1996 चा पेसा कायदा लागू आहे, राज्याचे नियम 2014 चे. पाड्यातल्या लोकांनी ठराव केला तर पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो आणि त्याची ग्रामसभा वेगळी भरते. गौण वनउपजावर मालकी गावाची. आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायचा निर्णय 2015 मध्ये झाला.

मग तिथं सगळं आबादीआबाद आहे का? नाही. जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करा, असं 1996 चा कायदा सांगतो. 2013 च्या भूसंपादन कायद्यात अनुसूचित क्षेत्रासाठी पूर्वसंमतीचा शब्द आला. बुलेट ट्रेनविरुद्ध पालघरच्या गावांनी ठराव केले, वाढवण बंदरालाही विरोध केला. तरी ट्रेनचं काम पुढं गेलं आणि बंदराला केंद्रानं जून 2024 मध्ये मंजुरी दिली.

कुणी म्हणेल, मग ठराव करून काय मिळालं? भावांनो, ठराव नसता तर सरकारी कागदावर लिहिलं गेलं असतं, 'गावाची हरकत नाही'. ठरावानं दरवेळी लढाई जिंकता येत नाही. पण ठराव नसेल तर कोर्टात उभं राहायला आणि मोबदल्याच्या बोलणीला हातात काहीच राहत नाही.

बोईसरची गोष्ट वेगळी. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आणि 1969 पासूनचं अणुवीज केंद्र. वस्ती शहराएवढी झाली, तरी बरीच वर्षं कारभार ग्रामपंचायतीचाच. कायद्याचं कलम 125 असं, की करांऐवजी कारखान्यानं ठोक रक्कम भरावी, असा करार ग्रामपंचायत करू शकते. ती रक्कम किती ठरली, कशी ठरली, हे ग्रामसभेत कुणी विचारलं नाही तर दोनचार माणसांतच राहतं. आपल्याकडे कारखाना नसेल, पण जिनिंग आहे, खाणपट्टा आहे, मोबाईलचा टॉवर आहे.

आता आपल्या घरचं बघू. आम्ही शेतीची पदवी घेऊन गावोगाव माती तपासत फिरलो, पण स्वतःच्या गावचं रजिस्टर कधी तपासलं नाही. एकदा मागून पाहिलं. जी ग्रामसभा भरलीच नव्हती तिच्याखाली सह्या होत्या, आणि त्यात आमचीही होती. शिपाई रजिस्टर घरी घेऊन आला होता, आम्ही चहा पीत सही ठोकली होती. दोष एकट्या सरपंचाचा कसा म्हणायचा?

कायदा आपल्या बाजूचा आहे. वर्षाला चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. कारण नसताना सरपंचानं त्या टाळल्या तर त्याचं पद जाऊ शकतं. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातला कमी आकडा. आधी महिलांची सभा घ्यायची. वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेपुढं मांडायचा. पंधराव्या वित्त आयोगातल्या पैशाचे 80 टक्के ग्रामपंचायतीला देण्याचं राज्यानं ठरवलं होतं. कोरडवाहू माणसाला वेगळं सांगायला नको : पाऊस पडतो, पण बांध नसला तर पाणी शेतातून वाहून जातं. अधिकाराचंही तसंच आहे.

म्हणून घरी गेल्यावर तीन कामं करायची. येत्या ग्रामसभेला घरटी एक बाई आणि एक माणूस जाईल. जमाखर्च मोठ्यानं वाचायला लावायचा. आणि ठराव आपल्यासमोर लिहून, वाचून झाल्याशिवाय कुणी सही करायची नाही.

रजिस्टर घरी आलं तर चहा जरूर पाजा. सही मात्र ग्रामसभेतच करा.