दिवा न लावण्याचा पाडवा

परदेशात सण बघायचा म्हणजे आपण काय करतो? गर्दीत घुसतो, मोबाईल उंच धरतो, फोटो काढतो. बालीतला न्येपी असा बघताच येत नाही. तो पाळावा लागतो, आणि पाहुण्यालाही त्यातून सुटका नाही.

न्येपी हा बालीतल्या हिंदूंचा वर्षारंभ. त्यांचा शक आपलाच, इसवी सन ७८ पासूनचा. मी तिथे होतो त्या २०२३ साली न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चला आले. तिथेही १९४५ सुरू झालं, इथेही. दरवर्षी असं जुळत नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला झाला आणि आपला पाडवा ९ एप्रिलला.

आदल्या संध्याकाळी मात्र नुसता दणदणाट. ओगोह-ओगोह निघतात: बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस, सुळे बाहेर, डोळे वटारलेले. वस्तीवस्तीतली पोरं आधी कित्येक दिवस त्यांच्यावर खपलेली असतात. चौकात आली की खांद्यावरच्या बांबूंच्या चौकटीसकट ती राक्षसाला गरागरा फिरवतात, भुतांची दिशाभूल व्हावी म्हणून. पुढे एक जण लांब काठीने विजेच्या तारा वर उचलत चाललेला. आपल्याकडची विसर्जन मिरवणूक पाहिलेल्याला तो माणूस परका वाटणार नाही.

सकाळी सहाला बेट बंद, ते दुसऱ्या दिवशी सहापर्यंत. आग-दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद. २०१८ पासून मोबाईल इंटरनेटही बंद. पर्यटकाने हॉटेलचं फाटक ओलांडायचं नाही. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र गुंडाळलेले गावरक्षक. आमच्या घरमालकीणबाईंनी स्वयंपाक आदल्या दिवशीच उरकला होता आणि न्हाणीघराच्या झरोक्याला पुठ्ठा लावला होता. रात्री शेजारच्या खोलीत कुणीतरी दिवा लावला, तर लगेच फाटकावर टकटक. पेचालांग ओरडले नाहीत. दिवा मालवेपर्यंत जागचे हललेही नाहीत. वर आकाशात, खरं सांगतो, चांदण्यांची दाटी झाली होती.

हिंदू नसलेल्या रहिवाशांनाही दिवसभर घरातच राहावं लागतं, हे मला पूर्ण पटलेलं नाही. पण ज्या बेटाची चूल पर्यटकांवर पेटते, ते वर्षातला एक दिवस पर्यटकांचं विमान उतरू देत नाही, याचं मला कौतुक आहे. आपले सण आपण हळूहळू पाहुण्यांच्या सोयीने मांडायला लागलो आहोत. बालीतही ते होतंच. या एका दिवशी होत नाही.

तेव्हा मार्चमध्ये बालीला जाणार असाल तर एक विनंती. एक दिवस फुकट जाईल म्हणून न्येपी टाळू नका. तारीख आधी बघून घ्या, दोन दिवस अगोदर पोहोचा, खोलीत पाणी आणि खाऊ भरून ठेवा. आणि रात्री दिवा लावू नका.