पोटावर पिशवी आहे, पण गट सुटला नाही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी मांडलेलं हे मनोगत. त्यांच्या इच्छेनुसार नाव छापलेलं नाही.)



शेळ्यांवर बोल म्हटलं असतं तर मी तासभर बोलले असते. पण आज मी लघवीबद्दल बोलणार आहे. हसलात तरी चालेल. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे, आणि या विषयावर आपण बायका तोंडच उघडत नाही, म्हणून हे बोलणं गरजेचं आहे.

मला मूत्राशयाचा कॅन्सर झाला होता. ३ वर्षांपूर्वी ऑपरेशन करून मूत्राशय काढून टाकलं. आता माझी लघवी पोटावरच्या पिशवीत जमा होते. आत्ता तुमच्यासमोर उभी आहे तीही पिशवी लावूनच. कुणाला दिसली का? वास आला का? नाही ना? मग पुढचं सांगते.

सुरुवात झाली लघवीतून रक्त जाण्याने. दुखत काही नव्हतं. एक-दोन दिवस लाल जायचं, मग आपोआप साफ. दवाखान्यात दाखवलं, तर उन्हाळी लागली असेल, इन्फेक्शन असेल म्हणून गोळ्या मिळाल्या. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी आमच्या आशाताई म्हणाल्या, "काकू, आता सोनोग्राफी केल्याशिवाय माघारी यायचं नाही." सोनोग्राफीत गाठ दिसली. मग दुर्बिणीने तपासून तुकडा काढला आणि निदान झालं.

बायकांच्या बाबतीत असं बरेचदा होतं. पाळीचं रक्त असेल, पाळी जायच्या वयातलं असेल, इन्फेक्शन असेल असं समजून महिने निघून जातात. म्हणून लक्षात ठेवा, लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं, न दुखता गेलं, तरी तपासणी करायचीच. विडी-सिगारेट हे या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण आहे. घरातल्या पुरुषांनाही हे सांगा, कारण हा आजार बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होतो. मी कधी विडी ओढली नाही, तरी मला झाला. ज्याला होतो त्याने काही पाप केलेलं नसतं.

गाठ वरवरच्या थरात असेल तर दुर्बिणीने काढता येते, आत औषध सोडता येतं आणि मूत्राशय वाचू शकतं. माझी गाठ स्नायूपर्यंत गेली होती, म्हणून मूत्राशय आणि त्याबरोबर गर्भाशयही काढावं लागलं. मग लघवी जाणार कुठून? मूत्रपिंडं चांगली होती, लघवी तर तयार होणारच. डॉक्टरांनी लहान आतड्याचा साधारण १५ सेंटिमीटरचा तुकडा घेतला, मूत्रपिंडातून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्याला जोडल्या आणि त्याचं एक तोंड बेंबीच्या उजव्या बाजूला पोटावर आणलं. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. ऑपरेशनच्या आधी सिस्टरने मला बसवून, उभं करून, वाकवून बघितलं. परकराची नाडी कुठे बांधता तेही विचारलं. नाडी नेमकी स्टोमावर यायला नको, म्हणून आधीच पेनाने खूण केली. कुणावर अशी वेळ आली तर ही खूण आधी करून घ्या.

पहिल्यांदा स्टोमा बघितला तेव्हा मी तोंड फिरवलं. लाल, ओला, गालाच्या आतल्या भागासारखा. हात लावला तरी दुखत नाही, कारण त्याला दुखण्याची जाणीवच नसते. सुरुवातीला सुजलेला असतो, पुढचे दीड-दोन महिने लहान होत जातो. लघवीत पांढरे धागे दिसतात. तो पू नसतो, आतड्याचा चिकट स्राव असतो. हे कुणी सांगितलं नाही तर माणूस घाबरून जातो.

आता रोजचं काम सांगते. पिशवीला खाली तोटी असते. निम्मी भरायच्या आत रिकामी करायची, नाहीतर वजनाने सुटते. रात्री तोटीला नळी लावून मोठी पिशवी जोडायची आणि खाटेच्या खालच्या बाजूला ठेवायची, म्हणजे झोपमोड होत नाही. चिकटवायची चकती मी तीन-चार दिवसांनी बदलते. सकाळी उठल्यावर, चहा-पाणी घ्यायच्या आधी, कारण तेव्हा लघवी कमी येते. कातडी साध्या पाण्याने धुवायची आणि पूर्ण कोरडी करायची. तेल, पावडर, हळद काही लावायचं नाही, चकती चिकटत नाही. चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. जास्त मोठं झालं तर लघवी कातडीला लागून कातडी सोलते.

पाणी भरपूर प्यायचं, डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर. पिशवी भरेल म्हणून पाणी कमी प्यायलं की वास वाढतो आणि इन्फेक्शनही होतं. ताप, थंडी, कंबरेत बाजूला दुखणं, लघवी येणं बंद होणं किंवा स्टोमा काळा-जांभळा पडणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लघवी तपासायला द्यायची असेल तर जमा झालेल्या पिशवीतली द्यायची नाही, सिस्टरला सांगून थेट स्टोमातून घ्यायला लावायची.

कामाचं म्हणाल तर पहिले तीन महिने हंडा, भारा, पोतं काहीच उचललं नाही. पोटाला तिथे हर्निया होऊ शकतो. आता शेळ्या बघते, खुरपायला जाते, एसटीने प्रवास करते. एक पिशवी, कात्री आणि पातळ जोडी सोबत ठेवते. आंघोळ रोज करते. जेवणात काही बंदी नाही. नवरा-बायकोच्या संबंधात या ऑपरेशनमुळे फरक पडतो, काहींना त्रास होतो. त्याबद्दल डॉक्टरांना विचारायला लाजू नका, त्यावर उपाय असतात.

शरीर सावरलं, पण लोकांमध्ये यायला मला वेळ लागला. पाच महिने मी गटाच्या बैठकीला आले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी मला बाहेरच्या ओट्यावर बसवलं, "तुम्हाला सोयीचं पडेल" म्हणाल्या. देवघरात दिवा लावू की नको, हा प्रश्न मलाच पडायचा. सासूबाई म्हणाल्या, "लघवी तर सगळ्यांच्याच पोटात असते, तुझी बाहेर आहे एवढंच. दिवा लाव." त्या दिवसापासून मी लावते. आणि आमच्या गटाने काय केलं, तर पुढची बैठक माझ्याच ओसरीवर ठेवली. मी येत नव्हते, तर गटच माझ्याकडे आला.

आता पैशांचं. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. पण ऑपरेशन एकदाच होतं, पिशव्या जन्मभर लागतात. मला महिन्याला आठ-दहा लागतात, डेअरीचा एक पगार त्यातच जातो. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही अशाच माणसांसाठी काम करणारी संस्था आहे, तिथे माहिती मिळते. बाकी पैसे आपले आपण उभे करायचे. पैसे नसले की बाई एकच चकती आठवडाभर ओढते, मग कातडी सोलते, मग ती घराबाहेर पडत नाही.

म्हणून माझी सभेला विनंती आहे. आपल्याकडे आजारपणाचं कर्ज ऑपरेशनसाठी मिळतं आणि ते फिटल्याशिवाय दुसरं मिळत नाही. जन्मभर लागणाऱ्या वस्तूंसाठी, मग ती पिशवी असो, इन्सुलिन असो की आणखी काही, ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून लहान रक्कम पुन्हा पुन्हा मिळावी, असा ठराव आज मांडावा. आणि जिथे सभा घ्याल तिथे कडी लागणारं, पाणी असलेलं संडास आहे का, हे आधी बघावं. ते सगळ्याच बायकांना लागतं.

सभा संपल्यावर मी मागच्या खोलीत थांबणार आहे. माझ्याकडे एक कोरी पिशवी आहे. ज्यांना हातात घेऊन बघायची असेल, घरातल्या कुणासाठी विचारायचं असेल, त्यांनी या. दार लावून बोलू.